मुकाट भाजलेला केक

आमच्या घरात पहिला केक झाला, तो घरातल्या कुणालाच खायचा नव्हता. आईला त्यातल्या अंड्यांची शिसारी होती, अण्णांना त्या केकची धास्ती होती, आणि जिने तो केला त्या मालूआत्याला गोडाची विशेष आवड नव्हती. ज्याच्या वाढदिवसाचं निमित्त होतं, तो माझा धाकटा भाऊ बाळू तर तीन आठवड्यांपूर्वीच पाच वर्षांचा होऊन चुकला होता. तिथीने त्याला ओवाळून झालं होतं, शिरा खाऊन झाला होता आणि नवी चड्डी फाटूनही झाली होती. पण कारखान्याच्या वेल्फेअरच्या बाईंना रविवारीच सवड होती, म्हणून बाळूला रविवारी दुपारी चार वाजता पुन्हा जन्म घ्यावा लागला. त्याची काही तक्रार नव्हती. दोनदा पाच वर्षांचा झालेला कॉलनीतला आपण एकटाच, असं तो सगळ्यांना सांगत हिंडला, आणि मुलं हेव्याने त्याच्याकडे बघत राहिली.

आज हे लिहिते आहे ते पिंपळे गुरवच्या सहाव्या मजल्यावर बसून. खाली जिथे गाड्या लावतात तिथे त्या काळी आमच्या दूधवाल्या काशीबाईंची ज्वारी असायची. गेल्या महिन्यात पणतीचा वाढदिवस झाला. नातसुनेने फोनवर बोट फिरवलं आणि अर्ध्या तासात एक माणूस डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून दारात केकचा खोका देऊन गेला. त्याचं नाव विचारायच्या आत लिफ्ट बंद झाली. केक चांगला होता. कुणी रडलं नाही, कुणी खोटं बोललं नाही, कुणाचं काही पणाला लागलेलं नव्हतं. मला तो जरा बेचवच लागला, पण या वयात तसं बोललं की लगेच तोंडाच्या डॉक्टरांकडे नेतात.

आमचं मूळ गाव पारनेरकडचं. अण्णांना नव्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकुनी मिळाली आणि आम्ही पिंपरीला दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आलो. भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास यायचा. हात टेकला की पांढरा व्हायचा, म्हणून आई आम्हाला घराच्या मधोमध उभं राहायला सांगायची. दिवस भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला अण्णांचा डबा, तिसऱ्याला ते सायकल ढकलत फाटकाच्या आत. संध्याकाळच्या भोंग्याला क्वार्टरांच्या सगळ्या लाइनींतून एकदम भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा. मागे प्रत्येकाला एक चिमुकलं अंगण होतं, त्यात एक नळ आणि नळापुढे अख्खी लाइन. मी तेव्हा अकरा वर्षांची, माझ्यामागे बाळू आणि त्याच्यामागे तीन वर्षांची बेबी. आणि मालूआत्या.

मालूआत्या अण्णांची धाकटी बहीण, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं, म्हणजे नवरा होता. कुठे होता ते मात्र त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. चाकणच्या पुढे तिचं सासर. नवरा एके दिवशी कांद्याची गाडी घेऊन बाजाराला गेला, गाडीबैल कुणाबरोबर तरी परत पाठवले आणि स्वतः आला नाही. त्यानंतर तीन वर्षं ती तिथे राबली. त्या तीन वर्षांबद्दल ती एवढंच सांगायची की तिथे तिला कुणी नावाने हाक मारली नाही. मग ती तिथून निघाली, आणि आमच्याकडे येण्याआधी दोन वर्षं खडकीला एका नर्सबाईंच्या घरी त्यांची तीन मुलं सांभाळायला राहिली. ही दोन वर्षं आमच्या घरात कधी झालीच नव्हती. आमच्या घराण्यातली मुलगी लष्करात, म्हणजे छावणीत, कुणाकडे आया म्हणून राहिली हे कळलं तर लोक काय म्हणतील, या विचाराने अण्णांची झोप उडायची. त्यामुळे बाहेर सांगायला एक मावशी तयार केलेली होती. मालू पुण्याला मावशीकडे शिवण शिकत होती, असं सांगायचं. ही मावशी आमच्या बोलण्यात इतकी रुळली की मीच एकदा आईला विचारलं होतं, मावशी आपल्याकडे राहायला कधी येणार म्हणून. आईने उत्तराऐवजी माझ्या हातात लसूण सोलायला दिला.

कॉलनीचा नियम असा होता, की क्वार्टरमध्ये नवरा-बायको, त्यांची मुलं आणि असतील तर नवऱ्याचे आईवडील राहू शकतात. बहीण हा शब्द नियमात नव्हता. पाहुणी म्हणून ती महिनाभर चालली असती, आणि मालूआत्या चौदा महिने पाहुणी होती. ऑफिसचा माणूस माणसं मोजायला येतोय अशी कुणकुण लागली की ती धुण्याची बादली घेऊन नदीवर जायची. नळ दारात असताना ही बाई नदीवर धुणं का नेते, हा प्रश्न शेवटी कुणाला तरी पडलाच. कुणी कागाळी केली ते कळलं नाही. आईला तीन घरांचा संशय होता आणि तिघींशीही ती जास्तच गोड बोलू लागली. अण्णांच्या हातात चिठ्ठी पडली की महिनाअखेर पाहुण्यांची रवानगी करावी, नाहीतर क्वार्टर सोडावी. त्याच आठवड्यात चाकणकडून दिराचा निरोप आला, की कांदे काढायला माणूस कमी आहे, वहिनीला पाठवून द्या. जेवताना अण्णा हे सगळं आईला सांगत होते. मालूआत्या भाकरी वाढत होती. तिने त्यांच्या ताटात भाकरी ठेवली आणि म्हणाली, दादा, आमटी घेणार का.

मार्ग एकच होता. कारखाना कामगारांच्या मुलांसाठी बालवाडी काढणार होता आणि वेल्फेअरच्या बाई तिथे बाई शोधत होत्या. लिहिता-वाचता यावं, मुलांत रमणारी असावी, एवढीच अट. नेमणूक झाली की तिचं नाव कॉलनीच्या रजिस्टरात चढलं, मग तिला कुणी हलवू शकत नव्हतं. अण्णा एका दुपारी इस्त्रीचा सदरा घालून बाईंच्या ऑफिसात गेले. त्या मावशीखेरीज जन्मात खोटं न बोललेला माणूस; त्यामुळे सवय नव्हती आणि एकाच बैठकीत बरंच साचून बाहेर पडलं. बाईंनी विचारलं, तुमच्या बहिणीला मुलांचा काही अनुभव? खडकी ओठांवर आलेली अण्णांनी गिळली आणि म्हणाले, घरातल्या मुलांचाच. बाईंनी मान हलवली, म्हणजे त्यांच्यापुरतं प्रकरण संपलं होतं. तेव्हा अण्णा घाईघाईने म्हणाले, पण ती केक करते. कुठे शिकल्या? पुस्तकात वाचून. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग बघायलाच हवं. अण्णा म्हणाले, येत्या रविवारी आमच्या मुलाचा वाढदिवसच आहे.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आईने उठून आधी खिडकी लावली. आमचं घर माळकरी. मटण तर सोडाच, लाइनीत कुणाकडे मासळी शिजली तर आई खिडकी लावून उदबत्ती पेटवायची. अंड्याशिवाय केक होतो का, असं तिने विचारलं. मालूआत्या म्हणाली, होतो वहिनी, पण त्याला भाकरी म्हणतात. घरात हसू आलं ते मला एकटीला, आणि मी ते भोगलं. शेवटी तह असा झाला, की जे काही व्हायचं ते मागच्या अंगणात होईल, घरातलं एकही भांडं त्याला लागणार नाही, आणि त्या दिवशी आई पुढच्या खोलीत पाठ करून बसेल, म्हणजे तिला काही माहीत नसेल. नणंदेला सासरी परत धाडायचं नाही, यावर मात्र ती ठाम होती. अंडं दिसू नये आणि वन्संही जाऊ नयेत, या दोन्ही गोष्टी तिने एकदम साधल्या, आणि त्यासाठी तिला फक्त भिंतीकडे बघत तीन तास बसावं लागलं.

अंडी आणली काशीबाईंनी. त्या पिंपळे गुरवहून रोज डोक्यावर भाजीच्या टोपलीत दुधाची कासंडी घेऊन यायच्या. मेथीच्या जुडीखाली सहा अंडी लपवून आणायची असं ठरलं होतं. त्यांनी दारातच टोपली उतरवली आणि लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अंडी हायती म्हनून कुनाला सांगत न्हाई बघा मी. आमी कशाला बोलू?" आईने भिंतीकडे तोंड करायला त्या क्षणापासूनच सुरुवात केली. साच्यासाठी अण्णांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापून आणला. पुण्याहून व्हॅनिलाची बाटली आणली, तिचा वास घेऊन बेबी सारखी शिंकत होती. वाळू आम्हीच नव्या बांधकामावरून फ्रॉकच्या ओच्यात भरून आणली. आणि पुस्तकात वाचून केक केला तर पुस्तक दिसायला हवं, म्हणून अण्णा कॉलनीच्या वाचनालयात गेले. तिथे स्वयंपाकावरचं एकच पुस्तक होतं, ते लोणच्या-मुरंब्यांचं. ते त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घालून पुढच्या खोलीत टेबलावर ठेवलं, आणि कुणी उघडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या.

रविवारी दुपारी मालूआत्याने पदर खोचला आणि मी तिला पहिल्यांदाच पाहिलं, असं मला आजही वाटतं. घरात ती नेहमी भिंतीला लागून वावरायची. कमी जागा घ्यायची, कमी खायची, पाहुणीसारखं. अंगणात ती मोकळी झाली. मोठ्या पातेल्यात वाळू घालून तिने ते शेगडीवर तापत ठेवलं. पातेलं भंगारवाल्याकडून आणलेलं, त्याला एक कान नव्हता. नव्या खराट्याच्या काड्या धुऊन, जुडी बांधून तिने अंडी फेटायचं हत्यार केलं. तोवर वासावर लाइनीतली मुलं जमली होती. मी त्यांना हाकलणार होते, तर तिने मला थांबवलं आणि प्रत्येकाला काम दिलं. एकाने कावळे हाकायचे. दोघींनी मैदा चाळायचा. एकाने साखरेला मुंग्या लागत नाहीत ना ते बघायचं. त्याने ते इतकं मन लावून केलं की तोंडाजवळून साखर हलू दिली नाही. बाळूने फेटे मोजायचे. त्याला वीसपर्यंतच येत होतं, म्हणून तो दर वीसला पुन्हा एकपासून सुरू करायचा, आणि ती दर वेळी म्हणायची, बघ, आता नवीन वीस. अंडं फुटताना मुलं अशी वाकून बघत होती की त्यातून काय निघेल याचा नेमच नाही. ती कवचं तिने मुलांना वाटून टाकली. बेबीने पिठात कोपरापर्यंत हात घातला. मी ओरडले. आत्याने तो हात बाहेर काढला, बोटांवरचं पीठ निपटून परत बाकीच्या पिठात घेतलं आणि म्हणाली, चांगलं कालवलंस.

मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांना हाताळायच्या पद्धतींवर किती व्याख्यानं ऐकली, किती दिली. त्या दुपारी अंगणात जे झालं, ते मला कधी जमलं नाही. मला गप्प बसवता यायचं, तेवढंच.

डबा वाळूत बसवला, वर पत्र्याचं झाकण ठेवलं, झाकणावर निखारे पसरले. आत्या मुलांना म्हणाली की आता जवळ उड्या मारू नका, धक्का बसला तर केक मध्येच खाली बसतो. थोड्या वेळाने वरचे निखारे झाडून टाकायचे, म्हणजे वरून जळणार नाही, आणि करपल्याचा वास आला तर मला हाक मार, असं तिने मला सांगितलं आणि ती अंघोळीला, पातळ बदलायला आत गेली. बाई यायला अजून तासभर होता. ती आत गेली आणि कारभार माझ्या हातात आला.

मी मुलांना भिंतीशी ओळीने बसवलं. बाळू-बेबी धरून अकरा होती. ती थोडा वेळ बसली आणि मग खुसखुस सुरू झाली, कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं, एकजण कावळा झाला. मला एकदम जेवणावेळचं ते बोलणं आठवलं, चिठ्ठी, कांदे, महिनाअखेर. मला खरंच भीती वाटली. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं, की तुमच्यापैकी कुणी बोललं, कुणी तोंडातून शब्द जरी काढला, तर केक बसेल. केक बसला तर आत्याला चाकणला पाठवतील आणि ती परत येणार नाही. तुमच्यामुळे. हे मी बाळूच्या डोळ्यात बघून म्हटलं. अंगण गार पडलं. बाळूने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, आणि त्याचं बघून बेबीने.

आणि मग मी काय केलं, तर बाई कोणत्या बाजूने येतात ते बघायला पुढच्या दारात जाऊन उभी राहिले. माझ्या केसांत नवी रिबन होती आणि अंगणात ती बघायला कुणी मोठं माणूस नव्हतं. निखारे झाडायचे होते हे मी विसरले असं म्हणणं खोटं ठरेल. मला वाटलं, एवढी गप्प मुलं बसलीत म्हणजे सगळं ठीक आहे.

बाई लवकर आल्या, आणि पुढून आल्याच नाहीत. त्या वेळी लाइनींना नंबर होते पण ते रंगवायचे राहिले होते. घर शोधताना त्या मागच्या बोळातून आल्या आणि थेट अंगणाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. घरातून मला धुराचा वास आला तेव्हा मी मागे धावले. बघते तर झाकणाच्या कडेने काळा धूर निघतोय, धुराच्या या बाजूला अकरा मुलं भिंतीला पाठ लावून, सगळ्यांचे हात तोंडावर, आणि त्या बाजूला छत्री मिटून धरलेल्या वेल्फेअरच्या बाई. बाळूच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, धुराच्या आणि दुसऱ्याही. त्याने सगळं पाहिलं होतं. पहिली धुराची रेघ निघाली तेव्हापासून तो बघत होता, आणि बोलला नव्हता.

बाईंनी त्याला विचारलं, "बाळ, काय झालं? तुझं नाव काय?" त्याने मान हलवली. त्यांनी दुसऱ्या मुलाला विचारलं, तिसऱ्या मुलीला विचारलं. कुणी हू की चू केलं नाही. बाईंचा चेहरा बदललेला मला दिसला. एवढ्या लहान मुलांना असं बसवणाऱ्या बाईबद्दल त्यांचं काय मत होत होतं, ते वाचायला पुस्तक लागत नव्हतं. तेवढ्यात मालूआत्या दारात आली. केस ओले, पातळाच्या निऱ्या अर्ध्या. तिने आधी केककडे बघितलं नाही. तिने ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाळूपुढे उकिडवी बसून त्याचे हात तोंडावरून सोडवले. म्हणाली, "बोल आता. काही होत नाही. बोल."

"केक जळत होता," बाळू म्हणाला, आणि मग बांध फुटला. "मी बघितला आत्या, पण मी बोललो नाही. कुणीच बोललं नाही. बेबीपण नाही. तू चाकणला जाऊ नको."

पुढच्या खोलीत तांब्या पडल्याचा आवाज झाला. अण्णा उठले होते. ते मागच्या दारात आले आणि बाईंना नमस्कार करून म्हणाले की मुलांचं काय, काहीही बोलतात, आपण पुढच्या खोलीत चला, पुस्तकात दिल्याप्रमाणेच सगळं केलं होतं, शेगडीने घात केला. पुस्तक त्यांनी बरोबरच आणलं होतं. तांब्यातलं पाणी त्यावरून ठिबकत होतं.

"दादा, राहू द्या," मालूआत्या म्हणाली. मग तिने बाईंकडे बघितलं. "मी पुस्तक वाचलेलं नाही. मी खडकीला नर्सबाईंकडे आया होते. दोन वर्षं, त्यांची तीन मुलं माझ्याकडे असायची. केक तिथे शिकले. नवरा निघून गेलाय, कुठे आहे माहीत नाही. इथे राहायची मला परवानगी नाही, म्हणून हे सगळं चाललंय. आणि या मुलांना असं मी बसवलेलं नाही, पण सोडून मी गेले होते, तेव्हा चूक माझी."

इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. अण्णा खाली मान घालून उभे होते. शेजारच्या तिन्ही घरांच्या मागच्या दारांत बायका आल्या होत्या. ज्यांच्यापासून चौदा महिने खडकी लपवली, त्या सगळ्यांना ती एका दमात कळली. बाईंनी छत्री भिंतीला टेकवली आणि अण्णांकडे वळून विचारलं, हे तुम्ही मला ऑफिसातच का नाही सांगितलं? दोन वर्षं मुलं सांभाळलेली बाई मी सगळ्या पिंपरीत शोधते आहे. मला वाटलं, घरातली एक हौशी बाई आहे, कारकुनांचं मन मोडू नये, म्हणून मी आज आले.

अण्णा ओलं पुस्तक सदऱ्याला पुसू लागले. जी गोष्ट लपवण्यासाठी त्यांनी मावशी जन्माला घातली, मुलाला दुसऱ्यांदा जन्माला घातलं, आणि घरात अंडी आणली, ती पहिल्याच दिवशी सांगितली असती तर कुणाचंच काही जळलं नसतं.

केकचा वरचा भाग कोळसा झाला होता. आत्याने तो सुरीने कापून काढला. आत दोन बोटं जाडीचा पिवळा, मऊ भाग निघाला. त्याचे तेरा तुकडे झाले, अकरा मुलांचे, एक बाईंचा आणि एक माझा. मी घेतला नाही. बाईंनी आपल्यातला कोपरा चाखला, चांगला आहे म्हणाल्या आणि उरलेला बाळूला दिला. मुलं इतकी बोलत होती की बाईंचं बोलणं कुणाला ऐकू येईना, आणि त्या मुकाट्याने ऐकत राहिल्या. जाताना म्हणाल्या की सोमवारी ऑफिसात येऊन कागदावर सही करा, मालतीबाई. आत्या त्या नावाकडे जरा उशिराने वळली.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खडकी बाहेर पडली होती आणि अण्णांना स्टोअरमध्ये कुणीतरी विचारलंच, काय राव, बहीण लष्करात होती म्हणे. ते बहिणीवर रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते तिच्याशी फक्त बोलेनासे झाले, ताटात भाकरी पडली की मान वळवायचे. आई दोघांच्या मध्ये बोलून बोलून थकली. बालवाडीमागची एक खोली बायकांसाठी होती, ती आत्याने मागून घेतली. तिचं नाव रजिस्टरात चढलं, पण आमच्या क्वार्टरखाली नाही, स्वतंत्र. ती जाऊ नये म्हणून मी अकरा मुलांची तोंडं बंद केली होती, आणि ती गेली. लांब नाही, दोन लाइनी ओलांडून. तिथे तिने पुढे तीस वर्षं बालवाडी चालवली. मुलांना "गप्प बसा" असं ती त्या तीस वर्षांत म्हणाली नाही, असं सगळे सांगतात. का म्हणाली नाही ते मला माहीत आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ती जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी नळावर बसून तो बिस्किटाचा डबा घासत होतो. आतला जळका थर निघत नव्हता. ती राख आणि नारळाच्या शेंडीने घासायची, मी पाणी घालायचे. तो डबा ती बरोबर नेणार होती. मी तिला एकदाचं सांगून टाकलं, की निखारे मी झाडलेच नाहीत, मी पुढे जाऊन उभी राहिले, आणि मुलांना चाकणचं मीच सांगितलं. माझ्यामुळे केक जळला आणि माझ्यामुळेच अण्णा बोलत नाहीत.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्या दिवशीच कळलं." मग तिने डब्यात नवी राख टाकली. "मुलांना पुन्हा असं घाबरवू नकोस, सुमे. पण एक सांगू? मला ठेवून घ्यायला एवढं कुणी कधी केलं नव्हतं. नवऱ्याने नाही, सासरी नाही, कुणीच नाही."

एवढं म्हणून तिने माझ्या केसांवरून फिरवायला हात उचलला. हात राखेने काळा होता. तो तिला दिसला, मला राख लागेल म्हणून तिने तो अर्ध्यातूनच खाली घेतला आणि पुन्हा डबा घासायला लागली. लागू दे, असं म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही.